उगवतीची वेळ

पहिल्यांदा तो आला तेव्हा कॅलेंडरवर होता,
मासळीच्या कारखान्यात, एकेचाळीस नंबरच्या कपाटात,
पायाशी जाफन्यातल्या कुठल्याशा किराणा दुकानाची जाहिरात.
कपाट नागुलेसचं. रबरी बूट चढवताना
तो दार अर्धंच उघडायचा
आणि आम्ही दोघं-तिघं उगाच
त्याच्याकडे सुरी मागायला जायचो.

मग एका शुक्रवारी शिवपाक्कियम आक्का म्हणाल्या,
देवाला ओल्या मोज्यांच्या वासात किती दिवस ठेवायचं?

तवरासाच्या तळघरात सात वर्षं.
वॉशिंग मशीनवर पितळी वेल, शेजारी मुरुगनची तसबीर.
पूजेआधी मशीन बंद करायचं, हा नियम.
एकदा कुणी विसरलं,
आणि कपडे पिळायच्या वेगात देव असा थरथरला
की पोन्नम्माच्या अंगात आलं.
हसलो आम्ही. नंतर. आपापल्या घरी.

धक्क्यावरची जाळ्यांची वखार विकायला निघाली.
म्हातारा ओडवार म्हणाला, छप्पर गळतं, वास जात नाही,
म्हणून भाव कमी.
कुणी जादा पाळ्या केल्या, कुणी बांगड्या मोडल्या.
पोरांनी हिवाळाभर कॉडच्या जिभा कापून साठवलेले क्रोनर
कॉफीच्या डब्यातून आणून टेबलावर ओतले.
माझ्या धाकटीचे तीनशे वीस.
अप्पा, देवाला जिभांचे पैसे चालतात?
मी खजिनदार. पावती फाडली.

अठ्ठावीस कुटुंबं, तीन अध्यक्ष.
बेटांवरचे एका बाजूला, शहरातले दुसऱ्या,
आणि तिसऱ्या बाजूला ते, ज्यांना गावी
देवळाच्या कोणत्या दारापर्यंत येऊ देत होते
हे सगळ्यांना आठवत होतं.
आम्हाला वाटलं होतं ही भांडणं मागे राहिली.
ती आमच्याआधीच पोचली होती, एकही डाग न हरवता.
किरुबाकरननं वखारीची तीन दारं मोजली,
दोन विटांनी बुजवली.
आता सगळे एकाच दारातून. वाकून.
दोन कुटुंबं अजून येत नाहीत.

नगरपालिकेच्या तोरिलबाई फॉर्म घेऊन आल्या.
गाड्या किती? धूर किती? घंटा किती वाजता?
आणि देव इथे राहणार, की फक्त भेटायला येणार?
राहणार असेल तर नियम वेगळे.
आम्ही एकमेकांकडे पाहिलं.
राहतो, नागुलेस म्हणाला. रात्री झोपतोसुद्धा.
बाईंनी पेन बराच वेळ कागदावर धरून ठेवलं,
मग लिहिलं : सभागृह.

अभिषेकाचा मुहूर्त पंचांगात सूर्योदयानंतर दोन घटका,
तई महिन्यात.
आमच्याकडे सूर्य उगवायला अजून नऊ दिवस होते.
ऑस्लोहून आलेले गुरुक्कळ मोजे घालून हिशेब करत बसले.
ओस्लोचा सूर्य धरावा? जाफन्याचा?
भावाला फोन लावला, तो म्हणाला,
इथे कालपासून वीज नाही, तुम्हीच ठरवा.

आक्का वाती वळत होत्या. मान वर न करता म्हणाल्या,
ह्यांना अग्नी दिला त्या दिवशीही सूर्य नव्हता.
तो दिवस धरला नाही का कुणी?
पावणेसहाचा भोंगा होतो कारखान्याचा.
तेवीस वर्षं मी त्यावर उठते.
माझं उजाडतं तेव्हा.

गुरुक्कळांनी पंचांग मिटलं. मिटलं म्हणजे,
बोट आत ठेवूनच.

भोंगा झाला. काळ्याकुट्ट अंधारात
खाडीवरून वाफ उठत होती,
आत धूप, कापूर, आणि खालून, लाकडातून,
न जाणारा तो जुना वास.
नागुलेसनं उंबऱ्याबाहेर नारळ आपटला.
रात्रभर बाहेर राहिलेला नारळ.
करवंटी फुटली, पाणी सांडलं नाही.
आतून खोबऱ्यासकट बर्फाचा एक पांढरा गोळा निघाला
आणि घरंगळत गेला,
रस्त्याच्या कडेला टोपी काढून उभ्या असलेल्या
ओडवारच्या बुटापाशी.

त्यानं तो उचलला.
दोन्ही हातमोज्यांत धरून उभा राहिला,
परत द्यायचा असतो की ठेवायचा,
हे विचारत, कुणाकडेही न बघता.
आम्हालाही माहीत नव्हतं.